कर्ण्याशिवायचा आवाज

मामाने हेडफोन काढून हातात धरले, उलटेसुलटे करून बघितले आणि मला विचारलं, "हा कोण?"

"तूच."

"मी?"

"मामा, आत्ता तर बोललास. दोन मिनिटं झाली नाहीत."

त्याने हेडफोन पुन्हा लावले. मी पुन्हा वाजवलं. ऐकता ऐकता त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. माणूस आरशासमोर उभा राहावा आणि आरशात भलताच कोणीतरी दिसावा, तसा तो बसला होता.

माझा मामा एकतीस वर्षं बसस्थानकावर घोषणा करत होता. कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागली, कोणती रद्द झाली, कुणाची पिशवी चौकशीच्या खिडकीत आली, कुणाचं मूल हरवलं, हे सगळं अख्ख्या शहराने त्याच्या तोंडून ऐकलं. त्याला सगळे फलाटमामा म्हणतात. ज्यांचा तो मामा लागत नाही तेसुद्धा. स्थानकाच्या छताला चार कर्णे होते आणि त्यातून येणारा आवाज असा भारदस्त, की झोपलेला प्रवासी उठून आधी चपला शोधायचा. मामा समोरासमोर भेटला की लोक म्हणायचे, "ते तुम्ही? वाटत नाही हो!" मामाला वाटायचं, आपली उंची बघून म्हणतात. तो जेमतेम सव्वापाच फूट आहे.

दोन वर्षांपूर्वी तो निवृत्त झाला आणि त्याच्या जागी यंत्र आलं. आता तिथे कोणा अनोळखी बाईचा साठवलेला आवाज गाड्या लावतो. मामा घरी बसला आणि हळूहळू बोलेनासा झाला. तेवढ्यात मामीला कुठून तरी कळलं, की अंध विद्यार्थ्यांच्या ग्रंथालयाला पाठ्यपुस्तकं वाचून देणारा माणूस हवाय. घरबसल्या रेकॉर्ड करायचं. पाच मिनिटांचा नमुना शनिवारपर्यंत पाठवायचा, जागा एकच. मामाला ते काम इतकं हवं होतं, की त्याने त्या कामाचं नावच काढायचं बंद केलं. मामीने मला फोन करून सांगितलं, "तू ये. हे रोज सकाळी उठून गरम पाण्याच्या गुळण्या करतायत आणि मला विचारतात, कशाला करतोय सांग पाहू."

मी इलेक्ट्रॉनिक्स शिकले आहे. एका कारखान्यात सर्किटं तपासते. आठवडाभराची रजा टाकली आणि स्वस्तातले तीन कंडेन्सर माइक घेऊन आले. एक माझा, एक ऑफिसातल्या मैत्रिणीचा, एक दुकानदाराकडून 'बघून परत करीन' म्हणून आणलेला. कंडेन्सर म्हणजे काय, ते मी मामाला समजावलं. स्थानकावरच्या साध्या माइकसमोर जवळून जोरात बोलावं लागतं. याच्या आत मात्र अगदी पातळ पडदा असतो, तो जरा काही हललं तरी ऐकतो. उसासासुद्धा.

"वा, म्हणजे माझा आवाज अजून दमदार येणार," मामा म्हणाला.

आम्ही आतल्या खोलीत कपाटाची दोन्ही दारं उघडून त्यांवर दुलया टाकल्या, पंखा बंद केला, फ्रिज बंद केला. मामाने पहिला माइक सवयीने तोंडाशी धरला, बोटाने दोनदा टकटक केलं आणि फुंकर मारली. हेडफोन माझ्या कानांवर होते. मी खुर्चीतून उडाले.

"काय झालं?"

"काही नाही. पुन्हा फुंकू नकोस. आणि वरून नाही, बाजूने बोलायचं. ही खूण आहे ना, ही तुझ्याकडे."

"बाजूने? म्हणजे त्याच्या कानात?"

"हो, तसंच समज."

त्याने सहावीच्या पुस्तकातला नद्यांचा धडा वाचला. मग ऐकला. आणि विचारलं, हा कोण.

आवाज बारीक होता. वाईट नव्हता, स्पष्ट होता, पण बारीक. किराणा दुकानात पिशवी पुढे करून हळूच 'साखर आहे का' विचारणाऱ्या माणसाचा.

"हा माइक गेलेला आहे," मामा म्हणाला.

दुसरा लावला. त्यातून आधी काहीच ऐकू येईना. मामाचा जीव भांड्यात पडला. "बघ, हाही." मग माझ्या लक्षात आलं, की या माइकला बाहेरून अठ्ठेचाळीस व्होल्ट द्यावे लागतात आणि माइक आणि लॅपटॉपच्या मधल्या छोट्या डब्यावरचं ते बटण मी दाबलेलंच नाही. दाबलं. आता लिफ्टचं दार, वरच्या मजल्यावरची खुर्ची, मामाच्या नाकातून जाणारी हवा, सगळं आलं. आणि त्या सगळ्याच्या मध्ये तोच बारीक आवाज, पहिल्यापेक्षाही स्वच्छ.

तिसरा माइक पेनासारखा बारका होता. त्यातही तेच.

"तीनही बोगस," मामा म्हणाला. पण या वेळी माझ्याकडे न बघता. "स्वस्तातलं घेतलं की असंच होतं."

तीन वेगळ्या कंपन्यांची तीन यंत्रं एकच चूक करत नाहीत. आमच्या कामात तीन मीटर एकच आकडा दाखवायला लागले, की मीटरला दोष देणं थांबवतात. हे मामाला कोणत्या तोंडाने सांगायचं? मी मामीला हाक मारली. वाटलं, ती काहीतरी सावरून घेईल.

मामी हात पुसत आली, हेडफोन लावून शेवटपर्यंत ऐकलं. "छान आलाय की."

"काय छान? हा माझा आवाज आहे?"

"मग कोणाचा? मी रोज हाच ऐकते." तिने हेडफोन काढून ठेवले. "तो स्थानकावरचा कर्ण्याचा होता, अहो. वर पत्र्याचं छत, त्यात घुमायचा."

मामाने तिच्याकडे बघितलं. "एकतीस वर्षांत तू हे मला एकदाही सांगितलं नाहीस?"

"तुम्हाला माहीत नाही, हे मला काय माहीत?"

मामा उठला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. मामीने मला डोळ्यांनीच विचारलं, मी काय बोलले? मी खांदे उडवले. शनिवारचा नमुना बुडाला, असंच मला वाटत होतं.

हाताला काम हवं म्हणून मी लॅपटॉपवर दुसऱ्या माइकचं रेकॉर्डिंग उघडलं. पडद्यावर आवाज डोंगरांच्या रांगेसारखा दिसतो. बघता बघता मी थबकले. डोंगर जोडीने होते. एक, त्याच्या शेजारी जवळजवळ तसाच दुसरा. मग जागा. पुन्हा जोडी. मी पहिला माइक तपासला, तिसरा तपासला. सगळीकडे जोड्या.

वाजवलं. "ही नदी उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते. ही नदी उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते."

मामाने अख्खा धडा, प्रत्येक वाक्य, दोनदा वाचला होता. माझ्या अंगावर काटा आला, पण त्याच्या वाचण्याने नाही. मी तो धडा तीन वेळा हेडफोन लावून ऐकला होता. मामीनेही ऐकला. आणि आम्हा दोघींपैकी एकीलाही काही वेगळं जाणवलं नव्हतं. त्याचं दुसऱ्यांदा बोलणं आमचे कान इतके सवयीने गाळायचे, की इथे लिहितानाही मी ते एकेकदाच लिहिलंय.

"मामी, मामा दोनदा बोलतो?"

"म्हणजे?"

"सगळंच. प्रत्येक गोष्ट. दोनदा."

मामी सांगायला गेली, थांबली. तिच्या डोळ्यांसमोरून घरातली इतकी वर्षं जात असावीत. "पाणी तापलंय, पाणी तापलंय," ती पुटपुटली. "किल्ली घेतली का, किल्ली घेतली का. अगं बाई!" आणि तिने तोंडावर हात ठेवला.

मामाला आत बोलावलं. त्याला जोड्या दाखवल्या.

"मी? दोनदा? छे, काहीतरीच. छे, काहीतरीच."

मामीला हसू आवरेना. मामाचं स्वतःचंच वाक्य त्याच्या कानावर पडलं असावं, कारण तो पलंगाच्या कडेवर मटकन बसला.

मग त्याने सांगितलं. घोषणा दोनदा करायची, हा स्थानकाचा नियमच. पहिल्यांदा लोकांनी मान वर करावी म्हणून, दुसऱ्यांदा त्यांना कळावं म्हणून. "पहिलीला कोणी ऐकत नसतं गं. खरी दुसरी."

मी पुन्हा ऐकलं आणि त्याचं म्हणणं पटलं. पहिलं वाक्य ताणलेलं होतं, नसलेल्या कर्ण्यासाठी. दुसरं सैल होतं, शेजारी बसून सांगितल्यासारखं. मी वीस मिनिटांत सगळी पहिली वाक्यं कापून टाकली. उरलं ते खरंच सुंदर होतं.

"झालं! हेच पाठवू."

"नाही पाठवायचं."

"का?"

"उद्या पुस्तक दिलं, तर पानापानाला तू कापायला येणार?"

मी लॅपटॉप बंद केला.

शुक्रवारचा दिवस मामाच्या घराने कधी पाहिला नव्हता असा गेला. मामा दुलयांच्या मध्ये, समोर मामी वाहतूक पोलिसासारखा तळहात वर करून. वाक्य संपलं, की हात वर. तरी दुसरं वाक्य निसटायचंच. मामाने ओठ दाबून बघितले, तर नाकातून हुंकार यायचा आणि कंडेन्सर तोही पकडायचा. "एकदाच!" मामी ओरडायची, आणि तेही रेकॉर्ड व्हायचं. आणि ज्या वाक्याला तो एकदाच बोलून थांबला, ते नेमकं घोषणेसारखं ताठ निघायचं. दुपारपर्यंत मामाच्या कपाळावर घाम, फ्रिजमधलं दूध नासलेलं.

"मला जमणार नाही," तो म्हणाला. त्याचा आवाज इतका खाली गेला, की पडद्यावर जेमतेम रेघ हलली.

"मामा, तू पहिलं वाक्य सोडूनच दे," मी वैतागून म्हणाले. "थेट दुसरं बोल."

तांत्रिकदृष्ट्या या सूचनेला काही अर्थ नव्हता. पण मामाने मान हलवली. डोळे मिटून, ओठ न हलवता, तो काही क्षण गप्प राहिला. पहिली घोषणा मनातल्या मनात करून झाली असावी. मग डोळे उघडून बोलला. एकदा. सैल. मामीचा हात अर्ध्यावरच राहिला.

शनिवारी सकाळी नमुना गेला. मंगळवारी ग्रंथालयातल्या बाईंचा फोन आला. मी तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"आवाज लहान आहे तुमचा," बाई म्हणाल्या.

मामाने खुर्चीचा हात घट्ट धरला.

"मोठे आवाज खूप येतात आमच्याकडे. मुलं तासन् तास कानात घालून ऐकतात, डोकं धरतात बिचारी. तुमचा जवळून येतो. सहावीचा भूगोल घ्याल का? एकशे चाळीस पानं आहेत. महिनाभरात होईल का, ते मात्र बघून सांगा."

मामीने मामाला कोपर मारलं तेव्हा कुठे तो म्हणाला, "बघून सांगतो."

फोन ठेवल्यावरही तो सुन्न होता. आनंद झालाय का धक्का बसलाय, हे त्याचं त्यालाच ठरवता येत नव्हतं. "लहान आहे म्हणाली," तो म्हणाला. "आणि तरी घेतला."

"तरी नाही," मामी म्हणाली. "म्हणून."

मामाने तिच्याकडे असं बघितलं, जणू तीही आज पहिल्यांदाच ऐकू आली. मग मला विचारलं, "तिन्हीतला कुठला ठेवायचा?"

"दुसरा, दुकानदाराकडचा. तो सगळ्यात जास्त ऐकतो."

त्याने त्या माइककडे जरा भीत भीतच बघितलं. मामीने कपाटाकडे हात केला. "मग या दुलया आता आत ठेवू का?"

"नको," मामा म्हणाला. "राहू देत."