निळ्याला पकडायची युक्ती

आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या बाईने माझे मासे मारले, असं आमच्या गल्लीत तीन वर्षं समजलं जातंय. ते खोटं आहे. मासे माझ्यामुळे मेले, आणि ते मरत होते तेव्हाच मला ते कळत होतं. एवढी दोन वाक्यं तोंडातून काढायला मला तीन वर्षं लागली. खरं तर बोलणं हाच माझा धंदा. कर्जतच्या एका ज्युनियर कॉलेजात मी जीवशास्त्र शिकवतो.

कर्जतला नदी आहे, डोंगर आहेत, भाताची शेतं आहेत. समुद्र तेवढा नाही. म्हणून मला तो घरात हवा झाला. नदीतले मासे काय, कोणीही पाळतो. पुढच्या खोलीतलं शोकेस काढून मी चार फुटांची टाकी बसवली, तिच्यात प्रवाळाचे दगड रचले, पंप लावले. गाळलेल्या पाण्यात पाकिटातलं मीठ विरघळवायचो आणि ते बरोबर पडलं का हे भिंगासारख्या एका नळीतून बघायचो. आमची बाई फरशी पुसता पुसता ते बघायची आणि स्वयंपाकघरात जाऊन माझ्या बायकोला सांगायची, "वयनी, सर आज परत डाळीत मीठ बघतात."

ती डोंगराकडच्या एका वाडीवरून यायची. वयाने माझ्या बायकोएवढीच, पण आम्ही तिला मावशी म्हणायचो. आमच्यासारखी जुनी, शिकलेली, गावात मान असलेली घरं कामाच्या बाईला मावशी म्हणतात आणि आपण किती चांगले आहोत असं मानून चहा वेगळ्या कपात देतात. तो वेगळा कप आमच्याकडेही होता. त्याचा कान तुटलेला होता.

टाकीसाठी मासे निवडायचे तर ते टाकीतच जन्मलेले, पैदाशीचे हवेत, असा माझा आग्रह होता. आग्रह कसला, कीर्तनच. समुद्र ओरबाडायचा नाही. पैदाशीचे मासे लहानपणापासून कोरडं खाणं खातात, माणसाला बुजत नाहीत, टिकतात. हे सगळं खरंच आहे. पण मी ते ज्या सुरात सांगायचो तो आता आठवला की मला माझीच शिसारी येते. एका कार्डशीटवर मी फळ्यावरच्या अक्षरात तक्ता केला होता: कोणता मासा कोणाबरोबर राहतो, कोणता नाही, आधी कोणाला सोडायचं, शेवटी कोणाला. शांत आधी, भांडखोर शेवटी, कारण जो आधी येतो तो सगळी टाकी आपल्या मालकीची समजतो. डॅमसेल नावाच्या लहानशा निळ्या माशासमोर मी लाल पेनाने लिहिलं होतं, 'नको.' तक्ता टाकीशेजारी टांगला होता. आल्यागेल्याला मी आधी तो वाचायला लावायचो, मग टाकी दाखवायचो.

दाखवायला टाकीत काही नव्हतं ही गोष्ट वेगळी. मागवलेले मासे लांबले होते, आणि मी मात्र कॉलेजातल्या सहकाऱ्यांना आणि गल्लीतल्या लोकांना रविवारी बोलावून बसलो होतो. समोरचे निवृत्त बँक अधिकारी गुरुवारीच डोकावून गेले.

"काय हो सर, दगड बघायला बोलावलंत होय? दगड काय, भिवपुरीला फुकट बघायला मिळतात."

ह्या एका वाक्याने माझं जीवशास्त्र संपलं. शनिवारी मी मुंबईला जाऊन एक डॅमसेल घेऊन आलो. दुकानदार प्रामाणिक होता बिचारा. म्हणाला, "सर, हा समुद्रातलाच आहे, पण कडक आहे. मरायचा नाही." रविवारी तो विजेसारखा निळा मासा दगडांमधून झळकत फिरला आणि सगळे आहाहा करत बसले. कोणीतरी तक्ता न वाचताच विचारलं, "हा पण पैदाशीचाच ना?"

"अर्थात," मी म्हणालो.

दहा दिवसांनी थर्माकोलच्या खोक्यातून खरे मासे आले: नारिंगी-पांढऱ्या क्लाऊनफिशची जोडी आणि काळ्या पट्ट्यांचे, लांब परांचे दोन कार्डिनल. चौघेही टाकीत जन्मलेले, गरीब. ज्यांनी आयुष्यात भांडण पाहिलेलं नव्हतं असे. निळा दगडाआडून निघाला आणि पहिल्या तासातच त्याने एका क्लाऊनचं शेपूट फाडलं.

मला समजलं होतं. निळ्याला काढायला हवा होता. पण जाळी घातली की तो कपारीत शिरायचा. काढायचा तर सगळे दगड उपसावे लागणार, महिनाभराची रचना मोडणार, आणि मुख्य म्हणजे लोक विचारणार, काय झालं? मग काय सांगणार होतो? तक्त्यात आमच्याच अक्षरात 'नको' लिहिलं होतं म्हणून?

तिसऱ्या दिवशी मावशी पोछा हातात धरून टाकीसमोर उभी राहिली. बराच वेळ. तिने तक्ता वाचला नव्हता. तिला वाचता येत नाही. तिने मासे बघितले.

"सर, ह्यो निळा बाकीच्यांना जगू देनार नाय."

"होईल सवय."

"नाय व्हायची. बघा, तो खातो कमी आनि पळवतो जास्त. ह्याला काढा."

"कसा काढू? सापडत नाही तो."

"जाळीत कशाला सापडंल? बाटली घ्या. तोंडाकडचा भाग कापायचा, उलटा करून आत बसवायचा. आत खायाला टाकायचं. जाताना जातो, येताना वाट गावत नाय. आमी ओढ्यात बांबूचं करतो तसलंच. द्या बाटली, मीच करते."

मी हसलो. नुसता हसलो नाही, बायकोला हाक मारून हसलो. "ऐकलंस का? मावशी आता रीफ टँकमध्ये ओढ्यातले मासे धरणार." बायकोही हसली. मावशी पण हसली, आणि पोछा पिळायला मोरीत गेली. मग म्हणालो, "मावशी, हे ओढ्यातले मासे नाहीत."

तिचं म्हणणं चुकीचं वाटलं म्हणून मी हसलो नाही. ते बरोबर होतं हे मला त्याच क्षणी उमगलं होतं. वीस वर्षं पोरांना प्राण्यांचं वर्तन शिकवणाऱ्या माणसाला ते वाडीवरच्या बाईने पोछा मारता मारता सांगावं, हे मला गिळवलं नाही. इतकं साधं आणि इतकं हलकट कारण होतं.

आठ दिवसांत चौघेही गेले. कार्डिनल वरच्या कोपऱ्यात, पाण्याच्या तोंडाशी लटकून उपाशी मेले. क्लाऊनच्या जोडीतली मादी शेवटी मेली. ती तरंगताना मिळाली तेव्हा बायको बाजारातून नुकतीच आली होती. तिला हे मासे आधीपासूनच नको होते.

"सगळे? काय झालं हो?"

मावशी स्वयंपाकघरात भांडी लावत होती. सकाळी तिने टाकीची काच पुसली होती, हे मला आठवलं. आठवलं म्हणजे मी शोधून काढलं.

"साबणाचा हात लागला असणार पाण्याला," मी म्हणालो.

"तिने हात घातला?"

"मग काय मी घातला?"

बायकोने तिला बाहेर बोलावलं. ती ओल्या हातांनी आली, आणि ते ओले हातच पुरावा झाले. "मी पान्यात हात नाय घातला, वयनी. देवाशपथ," ती म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं. मी टाकीचं तापमान बघत होतो. फार मन लावून बघत होतो. पंचवीस होतं, अजून आठवतं. मग बायको म्हणाली, उद्यापासून येऊ नका. निळा मधोमध, भरल्या पोटाने, डुलत होता.

संध्याकाळ व्हायच्या आत मी तक्ता काढून कपाटावर टाकला. महिन्याभरात गल्लीतली आणखी दोन घरं तिची सुटली. आमच्या गल्लीत एका घरात फोडलेल्या नारळाचं पाणी गोड निघालं की नाही हेही सगळ्यांना माहीत असतं. माझ्या माशांचं काय. "सरांचे केवढ्याचे मासे मारले हो तिने!" लोक मला सहानुभूती दाखवायचे. मी ती घ्यायचो.

मग तीन वर्षं निळा एकटा राहिला. फोनवर शौकिनांचा एक गट आहे, पनवेल-बदलापूरकडच्या फ्लॅटवाल्यांचा. मासा मेला की तिथे हात जोडल्याची चित्रं पडतात. मी माझ्या चौघांसाठी ती शोकसभाही भरवून घेतली. कारण कळवताना लिहिलं: 'मदतनीसाचा हलगर्जीपणा.' मावशी आता साजगावला कारखान्याच्या कँटीनमध्ये कामाला आहे, खोपोलीच्या गाडीने जाते, हे कोणाकडून तरी कळलं. उन्हाळ्याच्या शेवटी बाजारात शेवळांची रानभाजी विकायला बसलेल्या बायकांमध्ये ती एकदा दिसली. मी फोन कानाला लावून रस्ता ओलांडला. फोन आलेला नव्हता.

गेल्या महिन्यात मला परत हुक्की आली. पैदाशीची नवी जोडी आणावी, यावेळी सगळं तक्त्याप्रमाणे. त्यासाठी आधी निळ्याला काढायचा होता. जाळी घातली, एक प्रवाळ मोडला, निळा कपारीत. मग घरात कोणी नाही असं बघून मी पाण्याची बाटली घेतली, तोंडाकडचा भाग कापला, उलटा बसवला, आत चिमूटभर खाणं टाकलं, आणि बाटली टाकीत आडवी ठेवून चहा टाकायला गेलो.

चहाला उकळी यायच्या आधी तो आत होता. बाटलीत गोल गोल फिरत होता आणि ज्या वाटेने आला ती त्याला सापडत नव्हती. चार मासे आणि एका बाईची तीन घरं, आणि उपाय एवढासा. मी जमिनीवर बसलो. चहा उतू गेला.

बायको आली तेव्हा बाटली तशीच होती. मी तिला सगळं सांगितलं. तिने ऐकलं, गॅस पुसला आणि म्हणाली, "म्हणजे मी तिला काढलं ते ह्याच्यासाठी." बाटलीकडे बोट केलं होतं की माझ्याकडे, ते मी विचारलं नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "रविवारी जायचं. मी पण येणार. काढलं मी होतं."

रविवारी मावशी वाडीवर घरीच होती, अंगणात गोधडी वाळत घालत होती. आम्हाला बघून तिने डोक्यावर पदर घेतला, खाट पुढे केली. मी उभ्यानेच सांगितलं. शिकवल्यासारखं सांगत होतो, लांबण लावून. तिने मधेच तोडलं.

"निळा हाय का अजून?"

"बाटलीत सापडला. चहा होईस्तोवर."

ती मोकळेपणी हसली. "मंग! सांगितलं व्हतं ना?" मग हसू गेलं. "सर, मला कशाला सांगता? मला तवाच म्हाईत व्हतं. माझी भावजय जाते तुमच्या गल्लीत काम मागायला. तिला दारातनं परत लावतात, ती मासे मारनारीची हाय म्हनून. त्या घरांत सांगा."

"सांगतो."

"वयनी, तुमी बघा सांगतात का." माझ्याशी तिचं काम संपलं होतं. तिने चहा केला. कप चांगले होते, सगळे सारखे.

त्याच दुपारी मी समोरच्यांकडे गेलो. बायको फाटकात उभी होती. बँकवाले साहेब ऐकून घेता घेताच हसायला लागले. "अहो सर, माशांचं काय एवढं धरून बसलात! आणि तुमच्यासारख्या माणसाने असं सांगत फिरू नये. त्या लोकांना चढेल." ह्या माणसाच्या एका टोमण्यासाठी मी हे सगळं केलं होतं. मी म्हणालो, "चढू दे." त्यांना ते आवडलं नाही. अजून बोलत नाहीत.

दुसऱ्या घरातल्या काकू दारातच होत्या. त्यांनी दोनदा सांगायला लावलं.

"म्हणजे साबण नव्हताच?"

"नव्हता. मी खोटं बोललो."

"अगंबाई." त्यांनी माझ्या मागे, फाटकातल्या बायकोकडे पाहिलं. बायकोने मान हलवली. "मग आता तिला परत बोलवायची का?"

"ती येणार नाही. तिच्या भावजयीला कामाची गरज आहे."

"बघू, विचार करून सांगते."

मी तिथून हललो नाही. काकू दार लोटायला लागल्या, तरी मी पायरीवरच उभा राहिलो.

"तीन वर्षं तुम्ही माझ्या एका शब्दावर विचार न करता दार लावलंत," मी म्हणालो. "आज माझ्याच शब्दावर उघडा."

त्या घरी भावजय मंगळवारपासून येते.