उरलेला रकाना

कोणताही नवा कागद समोर आला की आमच्या ऑफिसातले मामा चष्मा कपाळावर सरकवायचे आणि विचारायचे, "हे कशापायी?" छापील अर्ज असो की मॅनेजरसाहेबांचा हुकूम, प्रश्न ठरलेला. तुमच्याही ऑफिसात असा एखादा खोडा घालणारा असेल. आम्ही मामांना तसेच समजत होतो.

चिकलठाण्याच्या आमच्या कारखान्यात कामगारांची हजेरी त्यांच्याकडे असे. मी टायपिस्ट. पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा साहेबांनी त्याला हार घातला, नारळ फोडला. मामा म्हणाले, "ह्याच्यानं माल वेळेवर जाईल का?" आमचे दुखणे तेच होते. माल उशिरा पोचला की पुण्याची ऑर्डर हातची जायची.

विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाचे दिवस होते. बंद पुकारला की निम्मे कामगार गैरहजर. कॉम्प्युटर बसवणारा म्हणाला, प्रत्येक नावापुढे आता एकच रकाना शिल्लक आहे. साहेब म्हणाले, "जात टाका. कोण येणार नाही ते आधीच कळेल." मी मोठा तत्पर. आडनावे बघून यादीत सगळ्यांची जात पेन्सिलीने भरून टाकली.

मामांनी यादी चाळली आणि तडक साहेबांकडे गेले. मी दारातच होतो.

"साहेब, बंदला माणूस जातीपायी घरी नाय राहत. बस बंद असती म्हणून राहतो. कोण कोणत्या थांब्यावर चढतो, ते टाका."

"आणि तरी माल अडला तर?"

"तर मला काढा."

त्याच आठवड्यात बंद झाला. मोर्चाला जाणाऱ्यांना मामांनी मुकाट्याने रजा दिली. बाकीच्यांचे थांबे आदल्या दिवशीच विचारून ठेवले होते. कंपनीचा टेम्पो हर्सूलकडे फिरला, पैठण रोडने फिरला. माणसे थांब्यांवर उभी होती. संध्याकाळी माल निघाला. साहेबांनी रकान्याचे नाव बदलून 'थांबा' केले.

दुसऱ्या दिवशी मामा खोडरबर घेऊन माझ्या शेजारी बसले. एकेक जात पुसायची, फुंकर मारायची, पुढे जायचे. स्वतःच्या नावाशी आले आणि थांबले.

"हे बी तूच लिहिलंस?"

मी होकारार्थी मान हलवली. त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. "एवढं तू पूस."

मी पुसले. पेन्सिल दाबून चालवली होती, अक्षरांचे वळ कागदावर तसेच राहिले. मला फार लाज वाटली. उद्या माफी मागू, असे म्हणत वर्षे गेली. आता मामा नाहीत.