मष्णू परटाच्या आजाची विहीर

बेळगावच्या कॅम्पाचा इतिहास कुणाला विचारावा, तर मष्णू परटाला. तीन पिढ्या त्याच्या घरानं इथल्या बंगल्यांचे कपडे धुतले. प्रत्येक बंगल्याची खूण ठरलेली. कॉलरच्या आत बिब्ब्याच्या रसानं कुणाला दोन टिंबं, कुणाला फुली. कर्नल गेला, व्यापारी आला, तो गेला, मिशनच्या बाई आल्या, तरी खूण तीच. कोण कुठं नांदलं, कुणाच्या सदऱ्याला दारूचा वास यायचा, मष्णू सगळं सांगणार. तिखटमीठ लावून सांगेल, पण खोटं? नाव काढू नका!

त्याची लाडकी गोष्ट विहिरीची. त्याचा आजा ओढ्यावर कपडे धुवायचा. एका पावसाळ्यात घसरून त्याचा पाय मोडला, तेव्हा एका बंगल्याच्या गोऱ्या साहेबानं आवाराची मागची भिंत पाडली आणि आपली विहीर त्याला वापरायला दिली. मग नवी भिंत विहिरीच्या अलीकडं, बंगल्याच्या बाजूला घातली. विहीर बाहेर राहिली, ती कायमचीच. कागद कसला? साहेबाचा शब्द! लोक समजायचे, जागा सरकारी आहे. मष्णूची बायको जयाबाई म्हणायची, "समजू देत की! साहेबाचं आवार, साहेबाचं आवार करत कशाला गावभर सांगताय?" पण मग आजाचा मान कुठं राहणार? मष्णू छाती फुगवून सांगतच राहिला.

आणि ऐकायला भेटले दत्तोपंत सर. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले. म्हणाले, "मष्णू, तू म्हणजे चालता बोलता इतिहास. मी कॅम्पावर पुस्तक लिहितोय." वर्षभर दर रविवारी त्याला खुर्ची दिली, घरच्या कपात चहा दिला. परटाला खुर्ची! मष्णू चढला हरभऱ्याच्या झाडावर. पुस्तक निघालं, त्यात त्याचा फोटो. जयाबाईनंसुद्धा तो शेजारणींना दाखवला.

तीन महिन्यांनी नोटीस आली. विहिरीचा तो बंगला सरांच्या मुलानं, श्रेयसनं घेतला होता. विहीर बंगल्याच्या आवारात येते, ती मोकळी करावी. मष्णू धावत सरांकडं गेला. सर म्हणाले, "घाबरू नकोस रे, सुनावणीला मी येतो."

आले की! मष्णूनंच इस्त्री केलेला सदरा घालून आले, आणि बसले मुलाच्या शेजारी. मुलाच्या वकिलानं पुस्तक उघडलं, फोटोचंच पान, आणि मोठ्यानं वाचलं: साहेबानं आपल्या आवाराची भिंत पाडली, विहीर आवारातलीच होती. शब्दन् शब्द मष्णूचा.

तेव्हा कुठं त्याला आठवलं. "जुनी भिंत नक्की कुठं होती रे?" हे सरांनी चारदा विचारलं होतं. एकदा पावलं टाकून मोजूनही घेतलं होतं. मेल्यानं केसानं गळा कापला! त्या चहाच्या एकेका घोटाची त्याला शिसारी आली.

सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्यानं कानडीत विचारलं, हे तूच सांगितलंस का?

जयाबाईनं मागून त्याचा सदरा ओढला. "न्हाय म्हणा," ती पुटपुटली. "न्हाय म्हणा हो!"

नाही म्हटलं तर विहीर राहत होती. पुस्तकात काय, कुणीही काहीही लिहितं. पण मग भिंत पाडणारा साहेब खोटा, आणि आजा फुकटची जागा बळकावणारा. मष्णूनं सरांकडं बघितलं. सर चष्मा पुसत होते.

"व्हय साहेब," तो म्हणाला. "म्याच सांगितलं. खरं हाय ते." आणि सरांकडं वळून म्हणाला, "इचारला असतासा तर हितंबी सांगितलं असतं की, सर. चहा कशाला पाजलासा?"

दत्तोपंतांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि अधिकाऱ्याकडं बघून हसले.

"मी म्हटलं नव्हतं साहेब? आमचा मष्णू कधी खोटं बोलायचा नाही."