पाठमोरे आणि मोटारवाल्याचं कपाट

त्याला सगळे पाठमोरे म्हणत. ते काही त्याचं आडनाव नव्हे. कुणाची किल्ली हरवली की हा चावीवाला यायचा, कपाटासमोर मांडी घालून बसायचा, तारेचा आकडा कुलपात घालून डोळे मिटायचा आणि आत खटका पडला की दार न ओढताच उठायचा. मग कपाटाकडे पाठ करून म्हणायचा, "उघडलंय. बघा तुम्ही." एकतीस वर्षांत किती कपाटं उघडली याची गणती नव्हती, पण एकाच्याही आत त्यानं पाहिलेलं नव्हतं. म्हणून लोक त्याला खोलीत एकटा सोडून खुशाल चहा टाकायला जात.

न पाहण्यात त्याचा थोडा स्वार्थही होता, हे मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. दुपारी काम नसलं की तो आपल्या खोलीत आडवा व्हायचा. खोली म्हणजे एक खाट, एक खिडकी आणि कानशींची पेटी. डोळे अर्धवट मिटले की ती सगळी कपाटं एकेक करून हलकेच उघडायची. रंग उडालेल्या घरातल्या कारकुनाच्या कपाटात त्यानं मोत्यांच्या सरी ठेवल्या होत्या. का, तर कारकुनाची बायको फार हळू बोलायची. बंगल्यातल्या डॉक्टरीणबाईंच्या कपाटात नुसती जुनी पत्रं होती, रेशमी फितीत बांधलेली. कुणाकडे तर चांदीचं तळंच होतं, त्यात चांदीचे मासे फिरत. घरदार बघून माणसाची श्रीमंती ओळखणाऱ्यांचं त्याला हसू यायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि अशा शेकडो मुठी याच्यापाशी. आपल्याएवढा श्रीमंत गावात दुसरा नसेल, असं वाटता वाटता त्याला छान झोप लागायची.

एके सकाळी त्याची धाकटी बहीण आली ती बसलीसुद्धा नाही. नवरा गेल्यावर हाती आलेली सगळी रक्कम ती एका मोटारवाल्याच्या कापडदुकानात भागीदारीसाठी घालणार होती. उद्याच सह्या व्हायच्या होत्या.

"दादा, त्यांच्या कपाटाची किल्ली सापडत नाहीये आणि दुकानाचे कागद आत अडकलेत. मीच तुझं नाव सांगितलं," ती म्हणाली. "दारात दोन मोटारी आहेत, फरशीत तोंड दिसतं, वर झुंबर. पण बडा घर पोकळ वासा निघाला, तर पोरीला घेऊन मी कुठं जाऊ? एकदा आत बघ ना."

"मी बघत नाही. तुला माहीत आहे."

"माहीत आहे म्हणून तर सांगतेय. दुसऱ्या कुणाला ते एकट्याला सोडतील का?"

त्यानं कानशींची पेटी उचलली.

मोटारवाला दिवाणखान्यात फोनवर होता. "पाठमोरे ना? मग काळजी नाही," म्हणून त्यानं आतल्या खोलीकडे हात केला. पाठमोरे चपला काढून त्या फरशीवरून निघाला, तेव्हा खाली आणखी एक माणूस त्याच्या तळव्यांना तळवे लावून चालत होता. कुलूप साधंच होतं. खटका पडला. तो उठला, पाय सवयीनं वळूही लागले, आणि मग त्यानं हात पुढे करून दार ओढलं.

वरच्या फळीवर लाल मखमलीच्या दागिन्यांच्या डब्या ओळीनं मांडलेल्या होत्या. सगळ्यांची झाकणं उघडी. मखमलीवर हाराची, बांगड्यांची खूण तेवढी उरली होती. खालच्या फळीवर बँकेच्या नोटिसा होत्या, वरच्या दोन लाल अक्षरांतल्या.

मागे मोटारवाल्याची बायको पाण्याचा पेला घेऊन उभी होती. ती ओरडली नाही. "कुणाला सांगू नका हो," एवढंच म्हणाली. त्यानं मान हलवली आणि पैसे न घेताच निघून आला. त्याला स्वतःची लाज वाटत होती.

बहिणीला त्यानं दोनच शब्द सांगितले, "देऊ नकोस." पण बहिणीची जीभ सरळ. दुसऱ्या दिवशी मोटारवाला फारच गळ घालू लागला, तेव्हा ती बोलून गेली, "माझ्या भावानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय." आठवड्याभरात ही गोष्ट गावभर झाली.

त्या दिवसांत दुपारी तो आडवा व्हायचा आणि कारकुनाचं कपाट उघडायचा. आत लाल डब्या, झाकणं उघडी. डॉक्टरीणबाईंचं उघडायचा, तिथंही त्याच. तळं होतं तिथं आटलेला खड्डा. एका दुपारी त्याला चक्क रडू आलं.

मग मास्तरीणबाईंनी बोलावलं. त्यांचं कपाट त्यानं आधी तीनदा उघडून दिलं होतं, आणि दर वेळी त्या स्वयंपाकघरात असत. या वेळी त्यांनी खुर्ची ओढली आणि कपाटाला खेटून बसल्या. "गुडघे दुखतात हो हल्ली," खाली बघत त्या म्हणाल्या. खटका पडल्यावर तो उठला, पाठ करून उभा राहिला. पण मागे खुर्ची हलली नाही, दारही वाजलं नाही. तो खोलीबाहेर पडून जिन्यापर्यंत गेला, तेव्हा कुठं कपाट उघडल्याचा आवाज आला.

बहिणीनं त्या रकमेतून शिवणयंत्रं घेतली आणि तिचं बरं चाललं. एका संध्याकाळी ती भावाकडे आली, खाटेवर टेकली आणि म्हणाली, "दादा, हल्ली बघावं तेव्हा घरीच असतोस. कामं नाहीत का?"

"लोकांच्या किल्ल्या हरवेनाशा झाल्यात," तो म्हणाला.

"बरंच आहे की," बहीण हसून म्हणाली, आणि लेकीसाठी शिवलेला नवा झगा पिशवीतून काढून त्याला दाखवू लागली.