दोन्ही पायांवर

“पाय चोरू नगंस,” ती म्हणायची आणि माझ्या कमरेवर एक थाप द्यायची. कोल्हापुरातल्या सूतगिरणीत लडी करायच्या खात्यात आम्ही दोघी शेजारी. सगळी पाळी उभ्यानं काम. ती दोन्ही पायांवर खुंट रोवल्यासारखी उभी असायची. मला तिचा हेवा वाटायचा. वाटायचा कसला, नुसता जळफळाट व्हायचा.

दोघी अजून बदलीवर, म्हणजे कायम न झालेल्या, आणि कायमची जागा एकच सुटणार होती. बाळंतपणापासून माझा उजवा खुबा आखडला होता. तासाभरात डावा पाय भरून यायचा, मी यंत्राला टेकायची आणि नेमका तेव्हाच मुकादम यायचा. तिच्यासारखं कुणी तुमच्याही शेजारी उभं असेल, तर मी काय म्हणते ते कळेल.

एकदा नळावर पाय धुतल्यावर तिनं फरशीवरची माझी ओली पावलं दाखवली. डावं अख्खं उमटलेलं, उजव्याची नुसती बोटं.

“बघ की. खुबा वळंना झालाय, म्हणून समदा भार डाव्यावर. माझ्या थोरल्याच्या वक्ताला असंच झालतं.”

शेजारी तिची पावलं, दोन्ही सारखी. ती बघून माझं डोकं आणखीच फिरलं.

मग रोज जेवणाच्या सुट्टीत ती मला भिंतीला धरून उकिडवं बसवायची, कंबर फिरवायला लावायची. बाया हसायच्या.

“हसंनात का. जागा काय त्या देणार हाईत व्हय?”

जागा तर तिलाही हवी होती. मग मला कशाला शिकवते? दया दाखवतेय बया, असं मला वाटायचं.

दिवाळीपर्यंत माझं उजवं पाऊल पुरतं टेकायला लागलं. तिला तेव्हा सातवा लागला होता. कंबर सैल पडली, आणि या पायावरून त्या पायावर करत ती कशीबशी पाळी काढायची. त्याच आठवड्यात साहेब खात्यात हिंडले. ती टेकलेली होती, मी ताठ उभी. कायम मी झाले.

“एकीचं तरी झालं की,” ती म्हणाली आणि माझ्या भाकरीवर खर्डा वाढला. चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

ती काम सोडून माहेरी गारगोटीला निघाली. टांग्याची पायरी उंच होती. माझ्या खांद्यावर सगळा भार टाकून ती वर चढली. मी तसूभर हलले नाही.

ती गिरणीत परत आली नाही. त्या जागेवर नोकरी संपेपर्यंत मीच उभी राहिले. नव्या पोरी विचारायच्या, “मावशी, तुमचं पाय कसं दुखत न्हाईत?” आणि दर खेपेला मला तिचंच नाव घ्यावं लागायचं.