नशेचे गोत्र

माझे गुडघे दुखतात म्हणून अमेरिकेतला पुतण्या कुवेतला येताना गोळ्या आणणार होता. निघण्यापूर्वी फोनवर म्हणाला, "काका, या गांजाच्या नाहीत, हेम्पच्या आहेत. इथे उघड मिळतात."

"त्यातले नशेचे द्रव्य निराळे असते का?"

"नाही, तेच. पण ज्या झाडात ते अत्यल्प, त्याला कायदा हेम्प म्हणतो."

आयुष्यभर मी संकल्पापूर्वी यजमानांचे गोत्र विचारत आलो; नशेलाही गोत्र असते, हे ज्ञान मात्र सत्तरीनंतर झाले.

"बाळ," मी म्हणालो, "इथल्या विमानतळावरचा कुत्रा वास घेतो, गोत्र विचारत नाही. मग तुरुंगात तुला भेटायला मी याच गुडघ्यांनी यायचे ना?"

डबी तिथेच ठेवून तो आला. कुवेतच्या सलवा भागातल्या घरी मी अजूनही खुर्चीवर बसूनच संध्या करतो.