चाकापाशी बसणारा माणूस

नर्सबाईंचे गुडघे कामातून गेले होते, ही गोष्ट सर्वांना ठाऊक होती. ती मान्य करण्यास मात्र त्या स्वतः तयार नव्हत्या. दगडखाणीच्या वरच्या अंगाला मजुरांची वस्ती आहे. तेथील बायकांची तपासणी आणि लेकरांच्या लसी हे काम अनेक वर्षांपासून त्यांच्याकडे होते. पूर्वी आरोग्य केंद्राची गाडी वर जात असे. ती गाडी भंगारात गेली, तिचा चालक निवृत्त झाला, आणि केंद्राच्या साहेबांनी त्यांना सरळ सांगितले, "स्वतःची गाडी असेल तर वर जा. नाहीतर खाली नोंदणीच्या खिडकीत बसा. वरच्यांना खाली यायला सांगू."

वरच्या बायका खाली येणार नाहीत, हे नर्सबाई जाणून होत्या. दिवसाची मजुरी बुडवून लस टोचून घ्यायला कोण येते? शिवाय वस्तीतल्या एका पोरीला सातवा महिना लागला होता. तिचे पहिले मूल खाली दवाखान्यात आणताना खाणीच्या उतारावरच दगावले होते. ती पोर दर खेपेला एकच प्रश्न विचारी, "सिस्टर, पुढल्या वेळी तुम्हीच याल ना?" नर्सबाई "येईन" म्हणत, आणि तो चढउतार पायी करून घरी आल्यावर पाय गरम पाण्यात सोडून बसत.

त्यांचे यजमान कपडे शिवण्याचे दुकान चालवीत, म्हणून लोक त्यांना मास्तर म्हणत. मास्तरांचे म्हणणे असे, की बायकोने आता खिडकीत बसावे. "खिडकीत पंखा आहे, खुर्ची आहे," ते म्हणत. "माणसाला आणखी काय लागतं?"

"तुम्हाला लागत असेल. मला गाडी बघायची आहे," नर्सबाई म्हणत. जुन्या चालकाने केंद्रामागच्या मोकळ्या जागेत त्यांना गाडी शिकवली होती. चारही चाकांना जोर असलेली एखादी जुनी गाडी मिळाली तर निवृत्तीपर्यंत निभावेल, असा त्यांचा हिशेब होता. परंतु खरे सांगायचे तर खिडकीतला तो पंखा त्यांनाही कधी कधी डोळ्यांपुढे दिसत असे.

गाड्यांच्या दलालाने पहिली गाडी दाखवली ती उंच, थोराड टायरांची आणि टपावर दिव्यांची माळ असलेली. तो मास्तरांनाच म्हणाला, "साहेब, डोंगर चढते की लोणी कापते, कळणार नाही."

"माझ्याशी कशाला बोलता? चालवणार ही."

"वहिनी चालवणार?"

"मग काय मी? मी शिवणयंत्र चालवतो. त्याला चार चाकं नसतात."

असे म्हणून मास्तर आत शिरले. इंजिनातले त्यांना ओ की ठो कळत नव्हते, परंतु आसनाच्या शिवणीवरून त्यांनी बोट फिरवले, खोळ उचलली आणि गादीला नाक लावले. "कापड जुनं, दोरा नवा. खोळ उसवून परत शिवलीय. ही गाडी पाण्यात बुडालेली आहे."

"पावसात काच उघडी राहिली असेल हो."

"काच उघडी राहिली तर गादी वरून भिजते. ही खालून भिजलीय."

दुसऱ्या गाडीच्या दाराची फट वर एक बोट आणि खाली दोन बोटे होती. "सदऱ्याची बटणं चुकीच्या काजात घातल्यासारखं दिसतंय," मास्तर म्हणाले, आणि गाडी एकदा कोठेतरी जोरात आपटलेली आहे हे दलालाला कबूल करावे लागले. दलाल कपाळ पुसत म्हणाला, "वहिनी, पुढच्या वेळी साहेबांना घरी ठेवून या."

तिसरी गाडी जनावरांच्या डॉक्टरांनी वापरलेली होती. राखाडी रंगाची, साधी, आणि आत अजून औषधांचा वास. मास्तर तिच्याभोवती फिरले. खाली वाकून सांगाडा पाहिला, दारे उघडली, मिटली, पुन्हा उघडली. शेवटी हताश होऊन म्हणाले, "रंग उदास आहे."

नर्सबाईंना तेव्हा सर्व उलगडले. "अहो, तुम्हाला खोट सापडत नाही म्हणून जीव कासावीस होतोय ना?"

"खोट गाडीत नाही," मास्तर हळू बोलले. "तुझ्या गुडघ्यांत आहे. ती मला कधीच सापडलीय."

नर्सबाईंनी तरीही तीच गाडी घेतली.

गाडी मग दुरुस्तीसाठी जुन्या मिस्त्रींच्या, म्हणजे उस्तादांच्या कारखान्यात गेली. एक्सल म्हणजे चाके फिरवणारे लोखंडी दांडे; त्या कामात उस्ताद मुरलेले होते. खाणीचा रस्ता त्यांना ठाऊक होता. "बाई, गाडी सोनं आहे, पण मागचा एक्सल या रस्त्याचा नाही. तिथे एक चाक हवेत फिरतं, दुसरं दगडात अडकतं. फिरणारं चाक खाली टेकून अचानक पकड घेतं, आणि सगळा झटका एकट्या या दांड्यावर येतो." त्यांनी दांडा बाहेर ओढून फळीवर ठेवला. त्याच्या टोकाचे दाते सरळ असायला हवे होते. ते किंचित तिरके वळले होते.

"पीळ पडलाय," मास्तर म्हणाले. पिळलेला दोरा ओळखणे हा त्यांचा रोजचा धंदा.

"बरोबर. लोखंड दमलंय."

नर्सबाई त्या दांड्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या. "बाहेरून तर काही कळत नव्हतं."

"बाहेरून कुणाचं काय कळतं, बाई? काढल्यावर कळतं."

उस्तादांनी मागे जड गाडीचे जाड दांडे बसवले, पुढचे सांधे बदलले आणि शेवटी पुढच्या चाकांच्या मधोमध असलेली टोपणे काढून नवी घातली. काम दाखवताना त्यांची छाती फुगली होती. "ही टोपणं अडकवली की पुढच्या चाकांनाही इंजिनाचा जोर मिळतो. पहिली आपोआप अडकत होती. जाड एक्सलच्या जोरापुढे ती आधी फुटली असती. आता ही हाताने फिरवायची. पायथ्याशी थांबायचं, प्रत्येक चाकापाशी बसायचं, अडकवायचं. खाली आल्यावर सोडवायचं. हाताचं काम कधी दगा देत नाही."

"अडकवूनच ठेवलं तर?"

"चालेल, पण डांबरी रस्त्यावर पुढचा सगळा पसारा उगाच फिरत राहील. स्टिअरिंग जड होईल, सांधे झिजतील, आणि तुम्ही लवकरच परत माझ्या दारात."

नर्सबाई, मास्तर आणि उस्ताद अशी तीन शहाणी माणसे तेथे उभी होती. ज्या गुडघ्यांसाठी गाडी घेतली, तेच गुडघे गाडीने मागितले आहेत, हे तिघांपैकी एकाच्याही ध्यानात आले नाही.

ते ध्यानात आले खाणीच्या पायथ्याशी. मास्तर त्या दिवशी "नुसतं बघायला" म्हणून बरोबर आले होते. नर्सबाई उतरल्या, बॉनेटला धरून वाकू लागल्या, आणि अर्ध्यावरच अडकल्या. गुडघा पुढे वाकेना. उभ्यानेच हात लांबवला तर बोटे टोपणाला नुसती लागली. नवे टोपण घट्ट होते, ते हलले नाही. गाडीला टेकून त्या तशाच उभ्या राहिल्या. समोर दगडांचा चढ होता आणि वर कोणी तरी वाट पाहत होते.

"अहो," त्या म्हणाल्या, "परत फिरवू या. साहेबांना सांगते, खिडकीत बसते."

हेच ऐकण्यासाठी मास्तरांनी इतक्या गाड्यांत खोट शोधली होती. पण बायकोचा हा आवाज त्यांना ओळखीचा वाटला नाही. मग ते उतरले, गळ्यातली मापाची फीत खिशात कोंबली आणि चाकापाशी मांडी घालून बसले.

"कुठल्या बाजूला?"

"उजवीकडे. अहो, पण राहू द्या."

"दाब लागतो का आधी?"

"लागतो."

कात्री चालवून राठ झालेल्या त्या बोटांनी टोपण फिरले. मास्तर दुसऱ्या चाकाकडे गेले. उठताना त्यांच्याही तोंडून "आई गं" निघाले.

"उतरताना परत सोडवायचं ना?"

"हो."

"म्हणजे दर खेपेला दुकान बंद."

"मी म्हटलं का तसं?"

"म्हणायला कशाला पाहिजे? चल, गाडी घे."

चढावर मागचे एक चाक हवेत फिरले, दुसऱ्याने दगड धरला, झटका बसला. मास्तरांनी डोळे मिटले. काही तुटले नाही.

वर त्या पोरीचे पोट तपासून झाले. बाळ व्यवस्थित होते. तिने मास्तरांकडे बोट दाखवून विचारले, "हे कोण?"

"हे माझ्याबरोबर येणार आहेत," नर्सबाई म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर, पायथा येण्यापूर्वीच, मास्तरांची मान खिडकीला टेकली. तोंड उघडे, हाताला ग्रीस. नर्सबाईंनी पायथ्याशी गाडी थांबवली. त्यांना हाक मारण्यासाठी तोंड उघडले, आणि मिटले. तशीच गाडी त्यांनी डांबरी रस्त्यावर घेतली. स्टिअरिंग जड झाले. प्रत्येक वळणाला खांद्यातून ओढ लागत होती, आणि घर येईपर्यंत वळणे पुष्कळ होती.

दारात गाडी थांबताच मास्तर दचकून उठले. "सोडवलं?"

"नाही. तुम्ही झोपला होता."

"अगं, सांधे झिजतील ना!"

"झिजू द्या एक दिवस."

मास्तर पुटपुटत उतरले, आणि घरात जाण्याआधी पुन्हा चाकापाशी बसले.